यंत्र आधी की काम आधी?

तालुक्याच्या कोणत्याही गावी बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर आज मोबाइलची चार-पाच दुकाने सहज आढळतात आणि त्यांतल्या एखाद्या दुकानाच्या काचेवर 'तुमचा फोटो, तुमचे कव्हर' अशी पाटी हमखास असते. एकेकाळी याच रस्त्यावर एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक होते, मग झेरॉक्सची यंत्रे आली, त्यानंतर पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत देणारे स्टुडिओ आले. आता पाळी मोबाइलच्या पाठीवर नातवाचे हसरे छायाचित्र छापून देणाऱ्याची आहे. व्यवसाय छोटा आहे, घरच्या एका खोलीत बसतो, पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या मुलाला किंवा दुपारचे चार तास मोकळे असलेल्या गृहिणीला करता येण्यासारखा आहे. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांतून त्याविषयी आस्थेने विचारणा होते. विचारणा मात्र नेहमी एकाच प्रश्नाने सुरू होते : 'कोणते यंत्र घ्यावे?'

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. काय छापायचे, किती छापायचे आणि यंत्र बंद पडल्यास ते कोण दुरुस्त करणार, या तीन गोष्टी ठरण्यापूर्वीच यंत्र ठरते. आणि एकदा यंत्र ठरले की त्यामागोमाग कर्जही ठरते.

या छपाईच्या मुख्य पद्धती दोन. पहिली सब्लिमेशनची. हिच्यात विशेष शाईने कागदावर उलटे चित्र छापतात आणि तो कागद कव्हरावर ठेवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता देतात. घन अवस्थेतील रंग द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो आणि कव्हरावरील पॉलिमरच्या लेपात शिरतो. कापराची वडी ताटलीत ठेवली की पाणी न होताच उडून जाते, तोच हा प्रकार. रंग लेपाच्या आत गेलेला असल्यामुळे तो नखाने खरवडून निघत नाही. सपाट हीट प्रेस असेल तर कव्हराच्या पाठीवर बसणारा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा छापून तो चिकटवितात. निर्वात पद्धतीचे 'थ्रीडी' यंत्र असेल तर कव्हराच्या कडांपर्यंत चित्र गुंडाळले जाते. मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. या पद्धतीत पांढरी शाई नसते. म्हणून पांढऱ्या, लेप दिलेल्या कव्हरावरच छपाई होते; पारदर्शक किंवा काळ्या कव्हरावर ती होत नाही.

दुसरी पद्धत यूव्ही छपाईची. येथे शाई थेट कव्हरावर पडते आणि शेजारच्या अतिनील दिव्याच्या प्रकाशात क्षणार्धात घट्ट होते. पांढरी शाई उपलब्ध असते, म्हणून पारदर्शक, काळे, लाकडी, कातडी, कशावरही पांढरा थर देऊन वर चित्र छापता येते. चकाकीचा थर देऊन अक्षरे किंचित उठावदारही करता येतात. ग्राहकाने स्वतःचे कव्हर आणले तरी बहुधा काम होते. दिसावयास हे सारे मोहक आहे आणि प्रदर्शनात विक्रेते नेमके हेच दाखवितात. तिसरा एक प्रकार अलीकडे रूढ झाला आहे. यूव्ही शाईने फिल्मवर चित्र छापून ते स्टिकरसारखे कव्हरावर उतरवितात. त्याचा उपयोग नवख्या व्यावसायिकास कसा करून घेता येईल, हे पुढे येईलच.

किमतीचा फरक मोठा आहे. सब्लिमेशनची शाई भरलेला लहान प्रिंटर, हीट प्रेस आणि थ्रीडी यंत्र असा संच ढोबळमानाने काही दहा हजार रुपयांत उभा राहतो. यूव्ही प्रिंटरचे लहानात लहान यंत्र लाखाच्या घरात जाते आणि जरा दमदार यंत्र घ्यावे तर पाच-सात लाख सहज लागतात. येथे विक्रेता एक वाक्य ठरल्याप्रमाणे बोलतो : 'एका कव्हराला शाई दहा रुपयांची, विक्री तीनशेची.' वाक्य खोटे नसते. त्यात फक्त दिवसाला किती कव्हरे विकली जातील याचा उल्लेख नसतो.

तो हिशेब आपणच करून पाहू. पाच लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ११,१०० रुपये येतो. शहरातील एखाद्या यूव्हीवाल्याकडून जॉबवर्कने छापून घेण्यास कव्हरामागे ४० रुपये पडतात आणि स्वतः छापल्यास शाई-विजेचा खर्च १० रुपये येतो, असे उदाहरणापुरते धरू. स्वतःचे यंत्र घेतल्याने कव्हरामागे वाचले ३० रुपये. केवळ हप्ता फेडण्यासाठी महिन्याला ३७० कव्हरे छापली पाहिजेत. दुरुस्ती आणि पुढेमागे बदलाव्या लागणाऱ्या हेडसाठी महिन्याला तीन हजार बाजूला टाकले, तर हा आकडा ४७० वर जातो; म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी १८. तालुक्याच्या गावी रोज १८ माणसे फोटोचे कव्हर करून घेण्यास येतील का? लग्नसराईत आणि दिवाळीत कदाचित येतील. आषाढात? आपल्या गावचे दर घालून हा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा. दर बदलतील, रीत बदलणार नाही.

आता 'हेड'विषयी, कारण या व्यवसायातील बहुतेक घरांचे दुखणे तेथेच सुरू होते. यूव्ही प्रिंटरचा आत्मा म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब सोडणारे हेड. लहान यंत्रांत ते बहुधा एप्सन या जपानी कंपनीचे असते. भोवतालची चौकट चीनमधील. ती चौकट येथे जोडून, वर तिरंगी स्टिकर लावून 'स्वदेशी यंत्र' म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या वाचकाने तरी अशा स्टिकरवर जाऊ नये. जोडणी येथे होते की नाही, यापेक्षा सुटे भाग आणि ते बसविणारा कारागीर येथे मिळतो की नाही, हे पाहावे.

या हेडची छिद्रे केसाहूनही बारीक असतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडचे जड कण असतात. शाई ढवळली गेली नाही तर ते तळाशी बसतात आणि छिद्रे बुजतात. म्हणून यूव्ही यंत्र काम असो वा नसो, रोज चालवावे लागते, रोज स्वच्छ करावे लागते, त्यात थोडी शाई रोज वाया घालवावी लागते. गोठ्यातील दुभत्या गाईची धार सणावारीही काढावी लागते, तसेच हे आहे. छपाई सुरू असताना वीज गेली आणि हेड आपल्या झाकणावर परत गेले नाही, तर ते उघडे राहून शाई सुकते. खिडकीतून ऊन येत असेल तर ती घट्टच होते. भारनियमन किंवा वारंवार वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावी यूपीएसवाचून हे यंत्र ठेवणे म्हणजे हेडची किंमत दुसऱ्यांदा मोजण्याची तयारी ठेवणे होय. याउलट सब्लिमेशनमध्ये वीज गेली तर फार तर एक कव्हर वाया जाते.

परिचयातील एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरी असे यंत्र पाहिले. उपदानाच्या पैशांतून मुलासाठी घेतलेले. गणपतीला सारे कुटुंब दहा दिवस कोकणात गावी गेले, परतल्यावर पांढरी शाई उमटेना. विक्रेत्याचा तंत्रज्ञ पंधरवड्याने आला आणि नवे हेड घ्यावे लागेल असे सांगून गेला. हमीपत्रात हेडचा समावेश नव्हता. लहान अक्षरांत तसे छापलेलेही होते. मी गेलो तेव्हा यंत्रावर जुनी चादर घातलेली होती आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते. मुलगा कष्टाळू आहे. त्याला यंत्र चालविण्याचे शिक्षण तीन तासांत देण्यात आले होते, सांभाळण्याचे मुळीच नाही.

याचा अर्थ सब्लिमेशन निर्धोक आहे असे नव्हे. तेथील खड्डा वेगळ्या जागी आहे. प्रत्येक मोबाइलसाठी लेप दिलेले वेगळे कव्हर आणि थ्रीडी यंत्रात प्रत्येकासाठी वेगळा धातूचा साचा लागतो. विवो, ओपो, रेडमी, रिअलमी, सॅमसंग यांची नवी मॉडेल काही महिन्यांनी येतच राहतात. कॅमेऱ्याची जागा दोन मिलिमीटरने सरकली की जुने कव्हर निरुपयोगी. यंत्र वीस हजारांचे आणि कपाटात पडून राहिलेली कव्हरे, साचे तीस हजारांचे, अशी स्थिती वर्षभरात येऊ शकते. मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले की घाऊक भावाचा मोह होतो आणि पन्नास प्रकारची कव्हरे पिशवीत येतात. त्याआधी आठ दिवस गावातील रिचार्ज करणाऱ्या दुकानी बसून लोकांच्या हातांत कोणते फोन आहेत त्याची वहीत नोंद करावी. पहिल्या आठ-दहा मॉडेलांपुरताच साठा ठेवावा. ॲल्युमिनियम पत्र्याच्या सपाट पद्धतीत साच्यांचा खर्च तरी टळतो.

आणखी एक व्यावहारिक सूचना. सब्लिमेशनसाठी शाई भरावयाचा प्रिंटर पिझो प्रकारच्या हेडचा हवा, जसे एप्सनचे असतात. उष्णतेने थेंब उडविणाऱ्या हेडचे साधे प्रिंटर या कामी चालत नाहीत. साध्या कार्यालयीन प्रिंटरमध्ये ही शाई भरली की कंपनीची हमी संपते, हेही दुकानदार सहसा सांगत नाहीत. कोकणात पावसाळ्यात कागद दमट होतो आणि चित्रावर ढग उठतात. तो हवाबंद डब्यात ठेवावा, छापण्यापूर्वी हीट प्रेसखाली क्षणभर शेकून घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात उलट अडचण येते : यूव्ही यंत्रात प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि शाईचे थेंब भरकटतात. ओला पडदा किंवा खोलीतील आर्द्रता राखण्याची काही सोय करावी लागते.

कर्जाकडे पुन्हा वळू या. शासनाच्या योजना चांगल्या हेतूने आखलेल्या आहेत, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. केंद्राच्या २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्जदाराचा प्रवर्ग आणि गाव-शहर पाहून प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद झाली. महाराष्ट्राने २०१९ मध्ये याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. तक्रार योजनांविषयी नसून त्यांच्याभोवती जमलेल्या मध्यस्थांविषयी आहे. '३५ टक्के सरकार देते' या वाक्यावर पाच लाखांऐवजी दहा लाखांचे यंत्र गळ्यात बांधले जाते. केंद्राच्या योजनेची रचना अशी की अनुदान रोख हाती पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेवीच्या रूपाने राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. त्या तीन वर्षांत यंत्रावर चादर पडली तर? अनुदानाचा आकडा पाहून यंत्र मोठे करणे, ही सासऱ्याने पागोटे दिले म्हणून डोके वाढविण्याची गत झाली. २०१५ च्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गट ५० हजारांपर्यंतच्या विनातारण कर्जासाठी आहे. सब्लिमेशनचा संच नेमका त्या मापाचा आहे, परंतु त्यात मध्यस्थाला फारसे काही सुटत नसल्यामुळे त्याविषयी कोणी बोलत नाही.

महाराष्ट्राच्या मुद्रण-इतिहासात या विषयाचे दोन बोलके दाखले आहेत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा मोठा कारखाना उभारला. यंत्रे जर्मनीहून, तंत्रज्ञही जर्मन. चित्रे घराघरांतल्या देव्हाऱ्यांत पोहोचली, मागणीला तोटा नव्हता. तरीही कर्जाचा भार पेलेना. प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकावा लागला. यंत्राचे मर्म ज्याला ठाऊक होते त्याच्याकडे कारखाना गेला. दुसरा दाखला जावजी दादाजींचा. गरिबीत वाढलेला हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांच्या कामावर राबला. १८६४ मध्ये त्यांनी प्रथम स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, निर्णयसागर छापखाना. छपाईत सर्वाधिक झिजणारी वस्तू म्हणजे खिळे. ते करण्याची विद्या आधी हातात घेतली, मग यंत्र. निर्णयसागरची संस्कृत ग्रंथांची छपाई पुढे देशभर नावाजली गेली. मोबाइलच्या कव्हराला ही तुलना जड वाटेल; परंतु क्रमाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

तेव्हा माझे मत स्पष्टच मांडतो. ज्या घरात पूर्वी छपाईचा अनुभव नाही, त्याने पहिले वर्ष सब्लिमेशनवर काढावे. त्यातील हीट प्रेस मोबाइल कव्हरांचे काम नसेल तेव्हाही रिकामी राहत नाही. मंडळाचे पॉलिस्टरचे टी-शर्ट, किल्ल्यांच्या साखळ्या निघतात, जोडीला लहान मग-प्रेस घेतली तर चहाचे मगही. शुद्ध सुती कापडावर मात्र हा रंग धरत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. पारदर्शक, काळ्या कव्हरांची किंवा उठावाच्या अक्षरांची मागणी आली की ती नाकारू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी यूव्ही यंत्र असलेल्याकडून जॉबवर्कने करून आणावी, किंवा त्याच्याकडून यूव्हीच्या फिल्मवर चित्रे छापून आणून घरी उतरवावीत. एखाद्या गणेश मंडळाची पन्नास कव्हरांची मागणी येते तेव्हा चित्र एकच असते, पण फोन तीस प्रकारचे असतात. अशा वेळी फिल्म फार उपयोगी पडते. या जॉबवर्कच्या पावत्या नीट जपून ठेवाव्यात. सलग सहा महिने त्यांची मासिक बेरीज यूव्ही यंत्राचा हप्ता अधिक देखभाल यांच्या बेरजेहून स्पष्टपणे अधिक राहिली, तरच यंत्राचा विचार करावा. तोवर ज्याने मोठे यंत्र आधीच घेतले आहे त्याच्या हप्त्याला आपला हातभार लागतो, यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. एका तालुक्यातील चार दुकानदारांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने मिळून एकच यूव्ही यंत्र घेतले आणि ते सांभाळण्याची जबाबदारी एका माणसावर सोपविली, तर ते रोज चालते राहील. आपल्याकडे प्रत्येकाला स्वतःच्या ओसरीवर स्वतःचे यंत्र हवे असते, ही गोष्ट वेगळी.

घरात यूव्ही यंत्र ठेवणाऱ्यांनी आरोग्याचा विचार टाळू नये. न सुकलेली यूव्ही शाई त्वचेस लागत राहिली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे हवेत, खोलीत हवा खेळती हवी, आणि ही खोली स्वयंपाकघराला लागून किंवा लहान मुले अभ्यास करतात ती नसावी. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात याला जागा नसते.

छापावयाच्या चित्राविषयी दोन शब्द. चित्रपटातील दृश्ये, क्रिकेट संघांची बोधचिन्हे, परदेशी कार्टूने, एखाद्या चित्रकाराने काढलेले महाराजांचे चित्र, हे सारे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या किंवा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. 'इंटरनेटवर मिळाले' हे उत्तर तेथे चालत नाही. छत्रपतींचे किंवा देवाचे चित्र कव्हरावर मागणारे पुष्कळ भेटतात. फोन पँटच्या मागच्या खिशात जातो आणि माणूस त्यावर बसतो, एवढे त्यांना आठवण करून दिले तर बहुतेक जण स्वतःहूनच नावाच्या मोडी अक्षरांवर किंवा किल्ल्याच्या रेखाचित्रावर समाधान मानतात. अशी रेखाचित्रे गावातल्याच कलाशिक्षकाकडून मोबदला देऊन काढून घेतली, तर हक्काचा प्रश्न लेखी मिटतो आणि शेजारच्या दुकानात नसलेला माल आपल्याकडे असतो.

ज्यांच्या पावत्यांची बेरीज खरोखरच हप्त्यापलीकडे गेली आहे, त्यांनी यंत्र पाहावयास जाताना विक्रेत्याच्या नमुन्यांवर विसंबू नये. स्वतःची दहा कव्हरे न्यावीत : कडक, मऊ टीपीयूची, एक सिलिकॉनचे आणि एक कॅमेऱ्याभोवती उंच कडा असलेले. सिलिकॉनवर शाई सहजासहजी धरत नाही. मऊ कव्हरावर कडक शाई वाकवताच तडकते. हेड पृष्ठभागापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवरून धावते, त्यामुळे उंच कडेवर ते आपटले तर तेथेच निकामी होते. यंत्रात त्यासाठी काय रक्षण आहे ते चालवून दाखविण्यास सांगावे. छापलेली कव्हरे घरी आणून एक दिवस ठेवावीत, मग नखाने खरवडावीत, चिकटपट्टी लावून ओढावी, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावीत. हेडचे नेमके नाव, आजची किंमत आणि ते हमीत आहे की नाही, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. आणि दोन वर्षांपूर्वी हेच यंत्र घेतलेल्या एका ग्राहकाचा पत्ता मागावा. त्याच्याकडे सोमवारी सकाळी जावे, रविवारच्या सुटीनंतर तो यंत्र सुरू करीत असेल तेव्हा. पांढरी शाई पहिल्या प्रयत्नात उमटते की तो अर्धा तास हेड पुसत बसतो, ते शेजारी उभे राहून पाहावे.